गुडघ्यापर्यंत आयोडीन

आमच्या आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जन्म मेंढरांमागं हिंडण्यात गेला. खुलताबादच्या डोंगरात काटा मोडला की दगडावर बसून काढायचे आणि चालू लागायचे. पण पुढं साखरेच्या आजारानं पाय बधिर झाले आणि एक काटा त्यांना कळलाच नाही. भाऊ त्यांना शहरात माझ्या घरी घेऊन आला तोवर उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती.

"बोटं काढावी लागतील, पण पाय वाचेल," डॉक्टर म्हणाले.

आबा माझ्याकडं वळले. "दोनच ना, माय?"

"व्हय आबा, दोनच."

भाऊ मेंढरांसाठी गावी परतला होता. ऑपरेशनच्या दिवशी मी एकटीच. आबांना आत नेलं आणि मला बाकावर बसवेना. उठायची, दारापर्यंत जायची, काचेतून काही दिसायचं नाही, की परत फिरायची. शेजारी बसलेली बाई म्हणाली, "बस की गं घडीभर." बसले, आणि लगेच उठले.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. हिरव्या झग्यात आबा लंगडत बाहेर आले, मागून सिस्टर धावत. आबांचा पाय बोटांपासून गुडघ्यापर्यंत तपकिरी माखलेला.

"खोटं बोललीस तू!" ते ओरडले. "बाजारात न्यायच्या मेंढराला रंग लावतेत, तशी खूण केली मला. इथून, गुडघ्यातून कापतेत हे!"

ऑपरेशनच्या कागदावर सही माझी होती. मलाही फसवलं असलं तर? मी सिस्टरच्या आडवी आले. "खरं सांगा, कुठवर कापणार?"

"अहो, खूण नाही ती. आयोडीन आहे. जखमेत जंतू जाऊ नयेत म्हणून आजूबाजूचीही कातडी साफ करतो आम्ही. आता फरशीवरून चालले, म्हणजे सगळं पुन्हा लावायचं!"

आबा भिंतीला टेकून उभे. "हिला आत येऊ द्या. मगच येतो मी."

डॉक्टर चिडले नाहीत. मला झगा आणि टोपी घालायला दिली. पाय पुन्हा रंगला. कमरेत भुलीची सुई दिली, आबांच्या तोंडापुढं पडदा लावला. मी उशाशी उभी.

"कुठवर आलेत?"

"बोटांवरच आहेत, आबा."

थोड्या वेळानं पुन्हा, "आता?"

"बोटांवरच."

बोटांकडं बघायची हिंमत नव्हती. मी नुसती गुडघ्यावर नजर रोखून होते. त्याला कुणी हात लावला नाही.

पुढं कितीतरी दिवस घरी मीच पट्टी बदलली. आबांना चार भिंतींत करमेना. "सुकलं का? जाऊ का?" एवढंच विचारायचे. जखम भरली तसे ते गावी गेले. लांबच्या रानात भाऊ जायचा. आबा मऊ बूट घालून बांधावर बसायचे. पण सांजेला कळप परतताना त्यांनी हाळी दिली, की मेंढरं भावाला सोडून त्यांच्याकडं पळायची.