चुलीशेजारची खोली

आवडी शिवथरच्या खोऱ्यातून कुडपणला नांदायला आली ती पायवाटेनं, डोंगर चढून. खोऱ्यातली पोर डोंगरावर देऊ नये, असं तिची आई म्हणायची. वर पाणी लांब आणि वारा जवळ. झालंही तसंच. नवरा रावजी मुंबईत एका खानावळीत भाकऱ्या थापायला. सगळ्या मुंबईला जेवू घालणारा हा माणूस गणपतीला नि शिमग्याला घरी आला, की पाण्याचा तांब्याही त्याच्या हातात द्यावा लागे. बाकीचं वर्षभर घर म्हणजे एकटी आवडी. नाचणी तिनं लावली, म्हैस तिनं राखली, भिंतीचे दगड ओढ्यातून डोक्यावर तिनं आणले. रावजी गेला, मुलगा भरत शिकून मुंबईला लागला, तरी ती वरच राहिली. फारच बोलावलं तर चार दिवस मुंबईला जायची आणि "तुमच्या घरात पाय पसरला तर भिंतीला लागतो" म्हणून परत यायची.

भरतचा धंदा एसी बसवण्याचा. दिवसभर लोकांच्या घरात थंडावा करून तो स्वतः घामाघूम घरी यायचा. कुडपणला गाडीरस्ता झाला, धबधबे बघायला गाड्या येऊ लागल्या, तेव्हा त्याच्या डोक्यात आलं.

"आई, इथं सेकंड होम बांधू या. जुनं पाडायचं, मस्त मोठं बांधायचं. शनिवारी यायचं, रिलॅक्स व्हायचं."

"म्हंजे काय करायचं?"

"काहीच नाही करायचं."

"मंग त्याला घर कशाला लागतं रे?"

भरत हसला, तीही हसली. पण शिवथरला भावजय राहायची, गीताबाई. तिला फोनवर हे सांगितलं, आणि तिनं त्यातली मेख बरोबर काढली.

"सेकंड म्हंजे दुसरं. ठाव हाय ना? त्यांचं पयलं मुंबईला, हे दुसरं. तुजं तर हेच पयलं नि हेच शेवटचं. ते पाडल्यावर तू कुठल्या नंबरात गो?"

आवडीनं "तुजं आपलं कायतरीच" म्हणून फोन ठेवला, पण शब्द कुसळासारखा आत राहिला. नव्या घरात माझी जागा कुठली, एवढंच तिला हवं होतं. विचारायचं मात्र नव्हतं. ज्या घराचे दगड आपण वाहिले तिथं आपली जागा कुठं, हे पोटच्या पोराला कसं विचारायचं? त्यानं आपणहून सांगावं.

सून समीक्षा. वडील रेल्वेत, त्यामुळे सगळं बालपण इटारसीला गेलेलं. मराठी घरातलीच, पण बोली हिंदीच्या पाण्यात भिजलेली. तिच्या तोंडी 'आपण' नव्हतंच, सगळीकडे 'आम्ही'. लग्नानंतर पहिल्याच गणपतीत ती सासूला म्हणाली होती, "चला आई, आम्ही जेवायला बसू."

"बसा बाय तुमी," आवडी म्हणाली होती, "मी मागनं बसते." पंगत हसून लोळली होती. बिचारीला हसण्याचं कारण समजेपर्यंत ताक वाढून झालं होतं. कुडपणच्या शेंबड्या पोरालाही कळतं की 'आपलं' म्हटलं की समोरचा माणूस आत आला, 'आमचं' म्हटलं की तो उंबऱ्याबाहेर. समीक्षाला ते कधी साधलं नाही, आणि आवडीनंही पुढं ते मनावर घेतलं नाही.

आखणीच्या दिवशी अंगणात चुन्याच्या फक्कीनं रेघा मारल्या. पोलादपूरचा कंत्राटदार दीपक दोरी धरून उभा होता. भरत रेघांच्या आत फिरत होता.

"हा हॉल. इथं अख्खी काच. दरीचा व्ह्यू."

"दरी काय बघायची?" आवडी म्हणाली. "रोज लाकडाला उतरते मी तिच्यात."

"इथं झोपाळा. इथं पाहुण्यांची खोली. वर आमची."

आवडी पडवीच्या पायरीवर बसून एकेक खोली मोजत होती. तिचं नाव कुठल्याच रेघेत येत नव्हतं. शेवटी तिनं आडून सुचवलं, "मागल्या अंगाला चूल ठेव रे. गॅसवरची भाकरी मला गोड लागत नाय."

"चूल नको हो मावशी," दीपक मध्येच बोलला. "धुरानं रंग काळा पडतो. फार्महाऊसवाले कुणी ठेवत नाहीत. आणि इथं मागं मी पाण्याची टाकी धरलीय."

तेवढ्यात समीक्षा तडतडली. तिचं तोंड दीपककडे होतं, पण हात आवडीच्या दिशेनं हलला.

"टाकी-बिकी काही नाही. हे आमचं घर आहे. इथं काय ठेवायचं ते आम्ही ठरवू."

दीपक ओशाळून दोरी गुंडाळू लागला. आवडी उठली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली. सुनेची बोलण्याची खोड तिला ठाऊक होती, नाही असं नाही. पण माणूस ज्या शब्दाची भीती धरून बसलेलं असतं, तो ऐकला की खोड-बिड काही आठवत नाही. आमचं घर. आम्ही ठरवू. एवढंच तिच्या कानात उरलं.

बांधकाम होईतो तिनं शिवथरला भावाकडे राहायचं, हे आधीच ठरलं होतं. म्हैस गावातच विकली. भरत जीपमध्ये बसवताना म्हणाला, "झालं की लगेच न्यायला येतो." तिनं गाठोडं मांडीवर ओढून घेतलं.

शिवथरला गीताबाईनं चहाच्या आधी विचारलं, "मंग? खोली दावली का?"

"सून म्हणली, हे आमचं घर हाय, आमी ठरवू."

कानात उरलं होतं त्यात एका शब्दाचाही फरक नव्हता. गीताबाईनं मात्र तेवढ्यावर थांबायचं पाप केलं नाही. घळीच्या वाटेवर भेटलेल्या बायांना सांगितलं, सव गावात लग्न होतं तिथं सांगितलं. लग्नातून निघेपर्यंत सुनेनं सासूचं गाठोडं अंगणात फेकलं होतं. आवडी ते ऐकत होती. एकदा तिच्या तोंडावर आलं, "गाठोडं नाय गो फेकलं." पण बाया इतक्या मायेनं तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, की ते वाक्य तसंच राहिलं. इतक्या वर्षांत कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवला नव्हता.

गोष्ट फिरत फिरत मुंबईला गेली. भरतचा फोन आला.

"आई, तू हे सगळ्यांना सांगतेस?"

"जे बोलली तेच सांगितलं. शबूद बदलला नाय मी."

"अगं, ती कधी 'आपण' म्हणाली आहे का? तुझ्या चुलीसाठी भांडली ती दीपकशी. तू समोर होतीस!"

अंगणातला तो हलणारा हात तिला आता नीट दिसला. 'इथं काय ठेवायचं ते': चूलच की. ओटीवर गीताबाई कान देऊन बसली होती.

"काय म्हणतो?" तिनं विचारलं.

आता काय सांगायचं? खोटं होतं ते? मला ऐकू वेडंवाकडं आलं? जिनं अख्ख्या खोऱ्याची कीव पोटभर खाल्ली, तिनं ती आता ओकायची कशी?

"काय नाय," आवडी म्हणाली. "वास्तुशांतीला या म्हणतो."

गेली ती. भाऊ-भावजयीबरोबर, इतर पाहुण्यांसारखी. घर देखणं झालं होतं. काचेत दरी होती, काचेपुढं लोक फोटो काढत होते. समीक्षा दारात आली, वाकून पाया पडली.

"आपण बसा. आपण चहा घेणार का?"

आवडी दचकली. सून 'आपण' शिकली होती. पण हे ते 'आपण' नव्हतं. हे कीर्तनकाराला, डॉक्टरला, मुलीच्या सासऱ्याला म्हणतात ते.

मागच्या अंगाला ती एकटीच गेली. पाण्याची टाकी कडेला सरकवली होती. पडवीत चूल होती, शेजारच्या जोडचुलीच्या वैलासकट, वाऱ्याकडं पाठ करून. तिनं स्वतः घातली असती तशीच. चुलीला लागून खोली, खोलीला लागून मोरी, मधे उंबरा नाही. बुटकी खिडकी, खाटेवर बसून गावची वाट दिसेल अशी. खोलीत पाहुण्यांच्या बॅगा पडल्या होत्या. चुलीच्या दोन्ही तोंडांत मनीप्लँटच्या कुंड्या बसवल्या होत्या, कुणीतरी हौसेनं.

समीक्षा मागे येऊन उभी राहिली.

"छान झालंय," आवडी म्हणाली. मग, "तू माज्यासाठी..."

"हो," समीक्षा म्हणाली. "तेव्हा."

एकीनं 'चुकलं' म्हणायचं होतं आणि दुसरीनं 'राहा'. बाहेरून गीताबाईची हाक आली, "आवडे, कुठं हायस गो? बसली का कोपऱ्यात?" आणि समीक्षाचा चेहरा मिटला.

दुसऱ्या दिवशी जीप आली. भरतनं विचारलं, "राहतेस का आई चार दिवस?" त्यानं चारच दिवस म्हटलं, ते तिनं ऐकलं.

"नको रे. तिकडं भात कापायला झालाय."

समीक्षानं लाडवांचा डबा, साडी नि दुपारच्या पुऱ्या पिशवीत भरून दिल्या. पिशवीचे बंद नीट बांधले. जीप सुरू झाली तशी ती खिडकीशी आली आणि कुठल्याही पाहुण्याला सांगावं तसं, चांगल्या मनानं म्हणाली, "घरी पोचलात की फोन करा."

"करते," आवडी म्हणाली.