तिसऱ्या कपाटापुढची फरशी

एका पायात चप्पल घालून मी सरकारी दवाखान्यात पोचलो... आणि हे मला केसपेपरच्या रांगेतल्या एका बाईनं सांगितलं. दुसरी चप्पल ऑटोतच राहिली होती. पायालाच कळलं नाही, तर मला काय कळणार!

भुताखेतांची, अंगात येण्याची मी टपरीवर बसून टिंगल करणारा माणूस. वय बावन्न. गाव धामणगाव बढेपासून थोडं आत. वेळ सकाळी अकराची, लख्ख उजेड — तेव्हा शंका काढू नका.

पंचवीस वर्षं फवारणी केली, तीही अनवाणी, कारण काळ्या मातीत चप्पल रुतते. नोझल तुंबलं की तोंडानं फुंकायचं... त्यात तर मी उस्ताद! आता तळपाय बधिर. डॉक्टरबाईंनी या खेपेलाही टाचणी टोचली, मी पंख्याकडे बघत होतो. म्हणाल्या, फवारणीनं नसा गेल्यात. गोळ्या नियमित घ्या, नाहीतर न कळता जखम चिघळेल आणि पाय गमवाल.

गोळ्यांच्या खिडकीवर उत्तर एकच — सप्लाय नाही, बाहेरून घ्या. हे तिसऱ्यांदा. मागे सहा-सात जण, सगळे फवारणीवालेच. माझं डोकं फिरलं. उरलेली चप्पल दाराशी काढली अन् सरळ औषधांच्या खोलीत घुसलो.

तीन कपाटं होती. तिसऱ्यापुढे पाय ठेवला आणि... गार! हिवाळ्यात पाटाच्या पाण्यात उभं राहावं तसं, थेट गुडघ्यापर्यंत. मागं सरकलो — काही नाही. पुढं आलो — गार. असं तीनदा केलं. फार्मासिस्टला वाटलं, काका नाचून राह्यले.

"हे उघडा," मी म्हणालो.

"त्यात फक्त पट्ट्या अन् कापूस हाय, काका."

"तरी उघडा. त्याबिगर मी हलत नाही."

पट्ट्यांच्या मागे त्याच गोळ्यांचा न फोडलेला खोका निघाला. बिचारा पांढराफटक पडला. दुसऱ्या मालासोबत आला असेल, कोणी बघितलंच नाही, म्हणाला.

गोंधळ ऐकून आलेल्या डॉक्टरबाईंना गारव्याचं सांगितलं. त्यांनी फरशी चाचपली. कोरडी. खालून पाण्याचा पाइपही नाही. पुन्हा टाचणी टोचली. रक्त आलं, मला पत्ता नाही. रांगेतला एक जण माझ्या पाया पडायला वाकला. त्याला म्हटलं, पाया काय पडता, गोळ्या घ्या! सगळ्यांना पंधरा-पंधरा दिवसांच्या मिळाल्याशिवाय मी दारातून हललो नाही.

ते गार काय होतं, मला आजही सांगता येत नाही. पुन्हा कधी लागलं नाही. पण चमत्कार म्हणून हात जोडणार नाही — जोडले की कपाट बंदच राहतं.

घरी सगळं सांगितलं. बायकोनं ऐकून घेतलं, माझ्या तळपायावरचं टाचणीचं रक्त पुसलं आणि म्हणाली, "पंधरा दिवसांनी गोळ्या सरतीन. तवा पायाले काही कळो न कळो, मी येतो संगं. तिन्ही कपाटं उघडल्याबिगर उठाचं नाही."