खिडकीतले सात पेले

लग्न होऊन त्या घरात गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेचे सात पेले पाण्याने भरून ओळीने मांडलेले दिसले. तहान लागली होती, म्हणून त्यातला एक उचलला. मागून सासरे म्हणाले, "तो नको. तो सोमवारचा आहे." आवाज अगदी शांत होता. मी मात्र पेला विंचू असल्यासारखा खाली ठेवला.

माझं माहेर घाटकोपरचं. नळ सोडायचा, हंडा भरायचा, एवढंच पाण्याविषयी आम्हांला माहीत. ते येतं कुठून हे विचारायची वेळ कधी आली नव्हती. माझे सासरे मुलुंड आणि बोरिवलीच्या मधल्या डोंगरात, शहराला पाणी पुरवणाऱ्या एका तळ्यावर राखणदार होते. तळ्याचं नाव लिहीत नाही. तिथे आता कुणी मला ओळखत नाही, पण मलाच ते नाव लिहायला नको वाटतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. हे फोर्टात कारकून. सकाळी अंधारात निघत ते दिवेलागणीला परतत. मधला सगळा दिवस घरात मी आणि मामंजी.

आणि बांध. घराच्या मागच्या खिडकीतून आकाश दिसायचंच नाही, दिसायचा तो गवताने झाकलेला मातीचा उंच उतार. त्याच्या पलीकडे तळं होतं. दुपारी आडवी पडले की डोक्यात एकच विचार यायचा, की या घटकेला पाणी आपल्या कौलांपेक्षा वर आहे. ते दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. समुद्र निदान आवाज करून आपण आहोत हे सांगतो. हे पाणी नुसतं उभं राहिलेलं असायचं. बरणीतल्या मिठाला पाणी सुटे, काड्यापेटी पेटता पेटत नसे, आणि कितीही उन्हं दाखवली तरी अंथरुणाला शेवाळाचा वास येई. कधी कधी बेडूक एकदम गप्प व्हायचे, सगळेच्या सगळे. मग मीही हातातलं काम थांबवून उभी राहायची.

पेल्यांची गोष्ट मामंजींनी आठवडाभराने सांगितली. बांधाच्या पायथ्याशी दगडी पन्हळ होती. बांधातून झिरपलेलं पाणी तिच्यात यायचं.

मी घाबरून विचारलं, "म्हणजे बांध गळतोय?"

"मातीचा प्रत्येक बांध पाझरतो गं. पाझरू दे. स्वच्छ पाणी येतंय तोवर चिंता नाही. गढूळ आलं तर समजायचं, पाणी आतली माती घेऊन निघालंय. मग बाहेरून काही दिसत नाही. गवत तसंच हिरवं असतं, आणि आतून बांध पोखरत जातो."

म्हणून रोज सकाळी एक पेला भरायचा, खिडकीशी धरून बघायचा, मग सात दिवस न हलवता ठेवायचा. सात दिवसांत तळाशी मातीची रेघ बसली नाही, तर त्या दिवसाचं पाणी खरोखर स्वच्छ. आठव्या दिवशी तोच पेला रिकामा करून पुन्हा भरायचा. "पेले त्या पन्हळीच्या पाण्यानेच विसळायचे," ते म्हणाले. "राख लावायची नाही, चिंच लावायची नाही." मी मान डोलावली. नव्या सुनेला मान डोलावण्यापलीकडे काय येतं?

श्रावणात पन्हळीच्या पायऱ्या निसरड्या झाल्या, तशी पेला भरून आणायचं काम माझ्याकडे आलं. एकदा त्यांनी पेला नेहमीसारखा उजेडात धरला, सावकाश फिरवला आणि "स्वच्छ" म्हणाले. पाण्यात एक मोठा मुंगळा मरून तरंगत होता. मला आधी हसू आलं. मग ते जिथल्या तिथे थांबलं, कारण मामंजींनी पेला ओठांना लावला होता. त्यांनी घोटभर पाणी तोंडात घेतलं, पुढच्या दातांत आणि जिभेवर घोळवलं, डोळे मिटून काहीतरी ऐकत असल्यासारखे बसले आणि खिडकीतून थुंकले. मुंगळा काठाला चिकटला होता, तो त्यांना कळलाही नाही.

"मामंजी, तुम्हांला दिसत नाही," मी म्हटलं.

त्यांनी पेला चाचपत खिडकीत ठेवला. मग म्हणाले, "होळीपासून. मोतीबिंदू असेल. पण जीभ खोटं बोलत नाही. डोळ्याला दिसत नाही एवढी बारीक माती दाताला लागते." निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आंधळा राखणदार कुणी ठेवत नाही, आणि नोकरीबरोबर घरही जाणार होतं. पण त्यांना घराची काळजी नव्हती. नवा माणूस नुसता लांबून बघून "स्वच्छ" लिहील, ही होती. तेव्हा आमचं ठरलं: मी बघायचं, त्यांनी चाखायचं, आणि दोघांचं जुळलं तरच वहीत लिहायचं. यांनाही सांगायचं नाही.

बांधाखाली ओढ्याच्या काठाने एक गावठाण होतं. भातशेती करणारी ख्रिस्ती माणसं. तिथली एक अंडीवाली आठवड्यातून दोनदा यायची, पायरीवर टेकून घरच्या गोष्टी सांगायची. तिची सून गरोदर होती. तिचं घर ओढ्याला अगदी लागून. मी तिच्याशी बोलताना कितीदा तरी मागे वळून बांधाकडे बघायची.

गौरी जेवतात त्याच्या आदल्या दिवशी माझी आई पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होती. घर लखलखीत केलं, आणि मग नजर खिडकीकडे गेली. सात पेले, आणि सातांवर हिरवट ओशट थर. आईच्या नजरेतून हे सुटणार नव्हतं. माझ्या लेकीला पेले घासता येत नाहीत, हे तिने गाडीत बसेपर्यंत मनात ठेवलं असतं आणि पुढे जन्मभर सांगितलं असतं. मामंजी दुपारी झोपले होते. मी पेले ओतले, चुलीतल्या राखेने घासले, घाईघाईत विसळले, राखेच्याच फडक्याने पुसले आणि पन्हळीवरून भरून होते तसे मांडून ठेवले. आई आली, पेल्यांकडे तिने पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळं काठोकाठ भरलं होतं. मी पेला आणून दिला. मामंजींनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा पालटला.

"कचकच लागतेय."

मी पेला उजेडात धरला. पाणी नितळ होतं. दुसरा पेला भरून आणला, तिसरा आणला. प्रत्येक वेळी ते चाखायचे आणि म्हणायचे, "आहे." प्रत्येक वेळी मला काही दिसायचं नाही. बाहेर पाऊस थांबला होता आणि एकही बेडूक ओरडत नव्हता. मी मागच्या खिडकीतून बांधाकडे बघितलं. राख मला आठवलीसुद्धा नाही.

"पाणीखात्याच्या साहेबांना निरोप धाड. आणि अंडीवालीला सांग, सगळ्यांना घेऊन टेकावर जा म्हणावं."

"मामंजी, साहेब आले तर तुमचे डोळे कळतील."

"कळू देत. खाली माणसं आहेत."

गावठाणातली माणसं कोंबड्या, वळकट्या आणि ती गरोदर सून घेऊन टेकावरच्या क्रुसापाशी जाऊन बसली. दुपारी साहेब जीपने आले. बांधावरून दोनदा फिरले, पन्हळीपाशी वाकले, पेला उन्हात धरून कितीतरी वेळ पाहत राहिले. मग मामंजींना बांधावर नेऊन अगदी आदराने म्हणाले, "पट्टीवर पाणी किती आहे, वाचून सांगता?" मामंजींनी तळ्यातल्या मोजपट्टीच्या दिशेने तोंड केलं. पट्टी डावीकडे होती, ते उजवीकडे बघत होते.

साहेब पेला घेऊन माझ्याकडे वळले. "बाई, तुम्हांला काय दिसतं?"

"स्वच्छ," मी म्हटलं. खरंच स्वच्छ होतं.

संध्याकाळी गाव खाली उतरलं. अंडीवाली जाता जाता म्हणाली, "म्हातारा खुळावला गो बाय." तिच्या आवाजात राग नव्हता, ती दमली होती. मी आत जाऊन भांडी आवरायला लागले. शेवटचा पेला हातात घेतला आणि काय मनात आलं कोण जाणे, काठावरून जीभ फिरवली. राख. बारीक, करकरीत. मी चुलीपाशी बसून राहिले. बाहेर ओसरीवर मामंजी बांधाकडे कान लावून बसले होते. उठून सांगायला दहा पावलं चालायची होती. मी चालले नाही. सांगितलं असतं तरी डोळे परत येणार नव्हते, नोकरी राहणार नव्हती, असं मी स्वतःला पटवलं. खरं कारण एवढंच, की मला लाज वाटत होती.

महिनाभरात घर सोडून आम्ही घाटकोपरला दोन खोल्यांत आलो. नवा राखणदार आला, बांध जागेवर होता, पण मामंजींच्या मनातून ती कचकच गेली नाही. पावसाने जोर धरला की ते उठून दाराशी बसत. यांना रोज विचारत, "तिकडची काही बातमी?" सकाळी नळाचं पाणी प्यायला दिलं की आधी घोळवून बघत. मी त्यांचा पेला तीन तीनदा विसळायची, नुसत्या पाण्याने. दोन पावसाळे असे गेले. आता त्यांना उजेड-अंधारही कळत नव्हता.

मग एकदा मी तापाने पडले आणि भांडी शेजारच्या बाईंनी घासली. सकाळी मीच उठून मामंजींना पेला दिला. त्यांनी घोट घेतला, घोळवला आणि थांबले. बोटाने पेल्याचा काठ चाचपला. बोट जिभेवर ठेवलं.

"ही राख आहे," ते म्हणाले.

मी पेला घ्यायला हात पुढे केला, त्यांनी दिला नाही.

"त्या दिवशीही अशीच होती गं."

"हो," मी म्हटलं. "मी घासले होते. आई येणार होती."

मला वाटलं, आता पेला भिंतीवर आदळेल. मी तयारच होते. दोन वर्षं तयार होते. पण त्यांनी एक लांब श्वास सोडला. त्यांचे खांदे सैल पडले, तेव्हा मला कळलं की ते दोन वर्षं ताठलेलेच होते.

"म्हणजे बांध बरा आहे," ते म्हणाले, आणि राखेसकट सगळं पाणी पिऊन टाकलं.