आईनं नापास केलेली पक्कड

आमच्या गल्लीत आईला नापासकाकू म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी हिंमत कुणात नाही. पण ड्रिल घ्यायचं असो, शिडी घ्यायची असो की साधी कात्री, माणूस ती वस्तू काखोटीला मारून आधी आमच्या दारात हजर होतो. आई पुढच्या खोलीत जळालेल्या मोटारी भरत बसलेली असते, म्हणजे आतली जळकी तांब्याची तार उपसून नवी गुंडाळत असते. हातातलं काम न थांबवता ती विचारते, "याला स्क्रू कुठायत? बिघडलं तर आत हात कसा घालणार?" स्क्रू नसतील तर ड्रिल तिथंच नापास. असतील तर म्हणते, "संध्याकाळपर्यंत ठेवून जा." सकाळच्या ताज्या हाताला काहीही चांगलंच लागतं, दिवसभर राबून बोटं आंबली की हत्याराचं खरं वजन कळतं, असं तिचं म्हणणं.

एकदा शेजारचे शिंपीकाका चौदा कामं करणारा चाकू घेऊन आले. आईनं त्याची सगळी पाती उघडून बघितली. "चौदा कामं करतो आणि एकही नीट नाही. आमच्याकडे असा एक आधीच आहे," म्हणाली आणि बाबांकडे बघितलं. बाबा पेपरात तोंड खुपसून हसत राहिले.

पण मला सांगायचंय ते पकडीचं.

माझा धाकटा भाऊ सात वर्षं दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये राबला आणि मग एक छोटी शेड घेऊन स्वतः पकडी बनवायला लागला. पहिल्या वीस तयार झाल्या. चौकातल्या हार्डवेअरवाल्या काकांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाले, "तुझ्या आईनं पास केली तर दोनशे घेतो." दुसरं गिऱ्हाईक समोर नव्हतं. या दोनशे गेल्या तर शेड चालणार, नाहीतर पुन्हा दुसऱ्याच्या दारात. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आईलाही.

आईनं आठवडाभर ती पक्कड वापरली. दुसरीला हात लावेना, तेव्हा मला वाटलं, जिंकलो आपण. शनिवारी संध्याकाळी हार्डवेअरवाले काका आले. भाऊ दाराशी नखं खात उभा. आईनं पक्कड माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ही तार पिळ." माझे हात बाबांवर गेलेत, चांगले फावड्याएवढे. दहा पीळ होईपर्यंत अंगठ्याखाली लाल वळ उठला. मग तिनं काकांना पिळायला लावलं. ते पाचव्या पिळालाच हात झटकायला लागले.

"मुठीचा साचा कशावरून घेतलास?" आईनं भावाला विचारलं.

"तुझ्या जुन्या पकडीवरून. तिच्यासारखी दुसरी नाही म्हणतेस ना तू?"

"अरे वेड्या, ती तीस वर्षं माझ्या हातात झिजलीय. हा खड्डा माझ्या अंगठ्याचा आहे. मला ही इतकी छान बसली, म्हणूनच शंका आली." मग काकांकडे वळून, आवाज जराही न बदलता, ती म्हणाली, "नापास."

भाऊ त्या रात्री जेवला नाही. मी आईशी कडाकडा भांडले. एवढं काय अडलं होतं, पोटच्या पोराचं आहे, जरा डोळेझाक केली असती तर काय बिघडलं असतं, सगळं बोलले. ती ताटं विसळत होती. "काकांच्या गिऱ्हाईकाचा अंगठा सोलला की तो माझ्या पोराला शिव्या देणार," म्हणाली. "त्यापेक्षा मी दिलेल्या बऱ्या." तिचेही डोळे लाल होते, हे मला तेव्हा रागात दिसलं नाही.

भावानं आठ दिवस अबोला धरला. मग वही घेऊन घराबाहेर पडला. सुतार, वायरमन, कुंपणाच्या जाळ्या ओढणारे, डावखुरी शिवणवाली, ज्याचा हात मिळेल त्याचा पंजा कागदावर ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवायचा. दीड महिन्यानं नवी पक्कड आली. आईनं पुन्हा आठवडाभर वापरली, मला पिळायला लावलं, बाबांना लावलं. कुणाला काही टोचलं नाही. काका आले तेव्हा ती चक्क हसली. "पास. डोळे मिटून घ्या."

काकांनी नव्या पकडींच्या खोक्याला हात घातला, तर भावानं खोकं मागं ओढलं. "नका घेऊ."

मला वाटलं, याचं डोकं फिरलं.

"आई, तू फक्त तांबं कापतेस," तो म्हणाला. "काल मी यातली एक कुंपणवाल्याकडे दिली होती. त्यानं दिवसभर पोलादी तार कापली." भावानं खिशातून तीच पक्कड काढून तिच्यापुढे धरली. आईनं चष्मा लावला, उजेडाकडे वळली. धारेला बारीक बारीक खाचा पडल्या होत्या. "पात्याला पाणी नीट बसलेलं नाही, तापवून विझवताना धार पुरेशी कडक झाली नाही," भाऊ म्हणाला. " अजून महिना लागेल मला."

काका उठले. "महिनाभर थांबतो," म्हणाले आणि गेले. आई मात्र पक्कड हातात धरून बसून राहिली. तीस वर्षं ती फक्त तांब्याची तार कापून गल्लीला पकडींचा निकाल सांगत आली होती. तिचा चेहरा पडेल असं मला वाटलं, पण ती उठली, पदरानं डोळे पुसले आणि पायात चपला अडकवल्या. भावाला म्हणाली, "चल माझ्याबरोबर."

मीही निघाले. आजवर तिनं ज्यांना ज्यांना पकडी पास करून दिल्या होत्या, त्यांची दारं ती एकेक करून ठोठावत गेली. पोलाद कापत असाल तर आधी धार तपासा, मी तपासायला चुकले होते, असं प्रत्येकाला स्वच्छ सांगत होती. मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळ्यातलं पाणी थांबेना. आणि प्रत्येक दारात, लोक पहिला नंबर आलेल्या पोराला पुढे करतात तसं भावाला दंडाला धरून पुढे करत होती.

"हा माझा मुलगा," ती सांगायची. "यानं माझी चूक काढली."