दिवस मावळायच्या आतली गोळी

चंदनबाला काकूंना दोन वर्षांपूर्वी पहाटे चुलीपुढे अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून बोलताना त्यांचं तोंड डावीकडं ओढलं जायचं. पहाटेच्या सुमाराला रक्तदाब उसळतो, हे त्यांच्या लेकीला, स्वप्नालीला, सांगलीच्या फार्मसी कॉलेजात कळलं. एम.फार्मचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा तिनं दुसरा विचारच केला नाही. झोपताना घेतलेली गोळी पोटात गप्प पडून राहावी आणि जाग यायच्या जरा आधी उघडावी, अशी गोळी करायची.

औषधावर लेप चढवायचा, यंत्रातल्या कोमट पाण्यात गोळी सोडायची आणि वाट बघत बसायचं. कधी लेप तासाभरातच फुटायचा, कधी दिवस गेला तरी हलायचा नाही. वर्षभरानं एकदाचं साधलं. सहा तास गोळी मुकी राहिली आणि मग उघडली.

त्या रविवारी ती आष्ट्याला घरी गेली. उजेडातच जेवणं उरकली होती. काकू भांडी पालथी घालत होत्या.

"माणसांना द्यायला अजून लय वर्षं जातील, आई. पण बाजारात आली की पैली तुला. झोपताना एक, पाण्यासंगं."

"झोपताना?" काकूंनी पदराला हात पुसले. "दिवस मावळल्यावर मी पाणी तरी पिते का गं?"

स्वप्नाली पालथ्या तांब्याकडं बघत राहिली. जैन मुनी महाराजांसमोर घेतलेला आईचा हा नियम तिच्या जन्माआधीचा. याच घरात ती उजेडी जेवून मोठी झाली होती. मेसच्या जेवणानं तेवढंच विसरायला लावलं होतं.

"औषधापुरता एक घोट घ्यायचा की."

"दवाखान्यात पडून होते तवा न्हाई घेतला, आन् आता घेऊ व्हय? त्यापेक्षा मी उजेडातच घेते, तुझ्या गोळीलाच सांग, जरा जास्त दम धर म्हणून."

स्वप्नालीनं लेप जाड केला. यंत्रात गोळीनं दम धरलाही. पण तिच्या मार्गदर्शक सरांनी आलेख बघून नकारार्थी मान हलवली.

"यंत्रात गोळी एका जागी असते, पोटात ती पुढं सरकते. इतक्या वेळात मोठ्या आतड्यात पोचेल. तिथं हे औषध अंगात फारसं मुरत नाही, हे तुलाही माहीत आहे."

"दुसरं औषध घेतलं तर, सर?"

"म्हणजे नवा विषय. पहिली गोळी उत्तम आहे. 'झोपताना घ्यावी' असं प्रबंधात लिही आणि मोकळी हो."

तिनं तसंच लिहिलं. परीक्षकांनी कौतुक केलं.

थंडीत ती घरी आली, तेव्हा काकू पहाटेच उठून बस्तीतल्या देवाच्या दर्शनाला निघाल्या होत्या. रक्तदाबाची नेहमीची साधी गोळी त्यांनी आदल्या दिवशी उजेडातच घेतली होती. स्वप्नालीनं त्यांच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधला. यंत्रावरचा आकडा चढत गेला आणि फार वर जाऊन थांबला.

"किती हाय?"

"हाय तेवढाच."

"तुझी गोळी झाली का गं पुरी?"

"झाली."

"बरं झालं बाई," काकू म्हणाल्या. त्यांनी देवापुढं वाहायच्या तांदळाची डबी उचलली आणि भिंतीला हात लावत लावत बोळानं चालू लागल्या.