मुरुमचा खात्रीचा आवाज

माइकवर नखानं दोनदा टकटक करायची, घसा खाकरायचा आणि मग म्हणायचं, "कानाला तरास देतो, माफी असावी." मुरुम गावात रिक्षाला भोंगा लावून पुकारा करणारे आमचे चाचा प्रत्येक वेळी अशीच सुरुवात करत. पाणी कधी येणार, कुणाची शेळी हरवली, कुणाची मयत किती वाजता निघणार, हे गावाला त्यांच्या तोंडून कळायचं. तुमच्याही गावात असा एखादा आवाज असेल, माणूस दिसायच्या आधी ओळखू येणारा.

निवडणूक म्हणजे चाचांचा सण. सकाळी एका पक्षाची रिक्षा, दुपारनंतर दुसऱ्याची. मधल्या वेळेत माझ्या फोटो स्टुडिओसमोर थांबून ते झेंडा बदलत आणि चहा पीत. मी एकदा विचारलं, "चाचा, सकाळी एका उमेदवाराला मत द्या म्हणालात, आता दुसऱ्याला?"

"म्या कुठं द्या म्हंतो बेटा? उभे हायेत, एवढंच सांगतो. आन् उभे तर दोघं बी हायेत."

विरोधकाबद्दल कुणी वाकडं लिहून आणलं तर कागद परत करत. "हे तुमीच बोला. गळा बी तुमचाच वापरा." दवाखान्यापुढं भोंगा बंद. बाळंतिणीच्या घरापुढं आवाज बारीक. आणि बाळंतीण कुठल्या घरात आहे, हे त्यांना बरोबर ठाऊक असायचं.

मग उमेदवारांना रिक्षा नकोशी झाली, रील हवीशी झाली. गल्लीगल्लीचे ग्रुप निघाले. मीही लग्नांचे फोटो बाजूला ठेवून प्रचाराचे व्हिडिओ करू लागलो, ते लपवत नाही. नगरपालिकेच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डात अण्णा आणि शाळेतून निवृत्त झालेल्या ताई हे दोन उमेदवार समोरासमोर होते. अण्णांची माणसं मला म्हणाली, "चाचांचा आवाज भरून द्या. लोकांचा लई विश्वास हाय त्यांच्यावर."

चाचा आले, पण भिंतीकडं तोंड करून त्यांना बोलताच येईना. "समोर गल्ली न्हाय, बोलू कुणाशी?" मी शटर वर केलं, खुर्ची रस्त्याकडं वळवली, तेव्हा कुठं सूर लागला. बोलता बोलता रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईला "पोरीचा ताप उतरला का?" असंही विचारून घेतलं. तेवढं मी काढून टाकलं आणि बाकीचा आवाज अण्णांच्या माणसांना पाठवला.

प्रचार संपला, भोंगे बंद झाले. मतदानाच्या आदल्या सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर एक क्लिप आली. आवाज चाचांचा. "मतदारांना कळवण्यात येतं, की ताईंनी माघार घेतली आहे."

चाचा धापा टाकत माझ्याकडं आले. "बेटा, हे म्या कवा बोललो?"

ते बोललेच नव्हते. भरून दिलेल्या आवाजावरून कुणीतरी यंत्रावर तसाच आवाज बनवला होता. कुणी, ते आजवर कळलं नाही. अण्णांनी हात झटकले. आवाज मीच पाठवला होता, हे मी चाचांना सांगून टाकलं.

ताईंनी तक्रार दिली, खुलासाही ग्रुपवर टाकला. पण क्लिप त्याच्या पुढं पळत होती. भोंगा लावायची तर बंदी. चाचा पायी निघाले, मीही मागोमाग. एकेक दार वाजवून सांगायचं, "ते म्या बोललो न्हाय. ताई उभ्या हायेत."

एका दारात म्हातारी म्हणाली, "असं कसं? आवाज तर तुमचाच व्हता की! माझ्या मालकाची मयत तुमीच पुकारली व्हती. तो आवाज मी वळखणार न्हाय व्हय?"

चाचांनी तिला हात जोडले. मग पुढच्या दाराकडं गेले. सांजेपर्यंत घसा पार बसला. शेवटच्या गल्लीत मी बोलत होतो आणि ते शेजारी उभे राहून मान हलवत होते.

ताई थोडक्यात पडल्या. क्लिपमुळं पडल्या की कसं, कोण सांगणार? निकालानंतर त्या चाचांच्या घरी आल्या. चाचा मान वर करेनात.

"चाचा, तुमचा पहिला शब्द माफीचा असतो," ताई म्हणाल्या. "त्या क्लिपमध्ये तो नव्हता. मला तेव्हाच कळलं."

"तुमाला कळलं ताई. गावाला न्हाय कळलं."

पुढं त्यांनी माइक हातात घेतला नाही. "आता मयत पुकारली तरी लोकं आधी खरं का म्हणून इचारतील," म्हणाले. रिक्षा विकली आणि उमरग्याला लेकीकडं राहायला गेले.

तिथं भेटायला गेलो, तर चाचा ओट्यावर बसून शेजाऱ्याला पेपर वाचून दाखवत होते. शेजारी म्हातारा ट्रकड्रायव्हर, दृष्टी गेलेला. प्रत्येक बातमीवर तो विचारायचा, "खरं हाय का हे?"

"छापलंय एवढं खरं," चाचा म्हणायचे. मग माझ्याकडं वळून हसले. "एकच ऐकणारा राह्यला बेटा. पण समोर बसून ऐकतो."

गेल्या हिवाळ्यात चाचा गेल्याचा मेसेज ग्रुपवर आला. मी आधी लेकीला फोन करून खात्री केली, मग मातीला गेलो. परतताना पाहिलं, तर ड्रायव्हर ओट्यावर एकटाच, मांडीवर पेपर, घडीही न मोडलेला. मी शेजारी बसलो आणि पहिल्या पानापासून वाचू लागलो. चार ओळी ऐकून त्यानं माझा हात चाचपला.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाला. "तुमी वाचताय. चाचा सांगायचे."