येसूचं विरजण आणि जांभळी माळ

ऐका हं. महाळुंगे पडवळ नावाचं गाव आहे. तिथं एक म्हातारी राहते, ठकूबाई. ती मी. तिचा एक नातू, संदीप, त्याची द्राक्षाची बाग. त्याची बायको रूपाली, मंचरच्या एका लॅबमध्ये कामाला. मधली पिढी पुण्याला नोकरीत. आणि घरात एक पाळणा, दोन वर्षं रिकामा. रूपालीचं पहिलं बाळ जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी गेलं होतं.

तिला पुन्हा दिवस गेले तसं मी सांगून टाकलं, "एकटीनं एसटीत चढायचं न्हाई. मी येती संगं."

"आजी, लॅबमध्ये तुम्ही काय करणार?"

"बसंन. बसायला काय शाळा लागती व्हय?"

तर सहा महिने मी त्या लॅबच्या बाकड्यावर बसले. तुम्ही म्हणाल, जिथं लोक बाटल्या-डब्या घेऊन येतात तिथं कसले आलेत किस्से? अहो, ढीग! एक सांगायला घ्यावा, तर दुसरा म्हणतो, माझा नंबर आधी होता!

*

लॅबचे मालक शकीलभाई, जुन्नरचे. एक दिवस एका माणसाच्या गळवातला पू त्यांनी काचेच्या पट्टीवर घेतला. वर जांभळा रंग ओतला. मग एक तपकिरी औषध. मग सगळं स्पिरिटनं धुतलं आणि शेवटी गुलाबी रंग दिला.

मी म्हटलं, "भाऊ, रंगपंचमी हाय का काय?"

"आजी, ही जंतूंची पारख. स्पिरिटनं धुऊनसुद्धा ज्याचा जांभळा रंग जात नाही, तो ग्राम पॉझिटिव्ह. ज्याचा जातो आणि मग गुलाबी होतो, तो ग्राम निगेटिव्ह."

"म्हंजे एक पक्क्या रंगाचं लुगडं, आन् एक कच्च्या रंगाचं!"

शकीलभाई हातातलं काम सोडून माझ्याकडं बघायला लागले. "बरोब्बर! पॉझिटिव्हवाल्याची भिंत जाड असते, रंग धरून ठेवते. आजी, माझे आजोबा लुगडी रंगवायचे. मी जंतू रंगवतो. धंदा तोच, गिऱ्हाईक तेवढं बारीक झालं!"

मग त्यांनी मला जंतू बघायच्या दुर्बिणीला डोळा लावायला सांगितला. आधी माझीच पापणी दिसली. मग हळूहळू दिसलं. जांभळ्या द्राक्षांचे घड! घडावर घड! एका थेंबभर पुवात आमच्या संदीपच्या बागेत नसतील एवढे.

"काय दिसतंय आजी?"

"बाग! पर विरळणी केली न्हाई कुनी. मणी लई दाटलेत!"

हसायला हसले सगळे, पण घरी जाईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढून ते घड हलेनात. सत्तर वर्षं मी गळवं बघितली, फोडली, त्यांच्यावर पोटीस बांधलं. आत बाग आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

*

हाच द्राक्षवाला जंतू पुढं एका लग्नात भेटला. गाव सांगत नाही, सोयरीक आहे.

आचारी नामांकित. बासुंदी अशी की बोटं चाटावीत. पण त्याच्या स्वतःच्या बोटाला चिंधी होती. ठणकत होतं बिचाऱ्याचं, तरी त्याच हातानं दुपारभर बासुंदी घोटली, आणि ती तशीच मांडवात ठेवली.

जेवणं झाली. दोन-तीन तासांत सगळा मांडव आडवा! इकडची तिकडची मंडळी एकाच बांधावर ओळीनं बसलेली. मानपानावरून सकाळपासून भांडत होती, आता एकमेकांची पाठ चोळत होती.

नवरदेवाला मात्र करवल्यांनी सोडलं नाही. नाव घ्या, नाव घ्या! त्यानं उखाणा घ्यायला तोंड उघडलं आणि पुढं काही बोलायच्या आधी नवरी ओरडली, "नाव ऱ्हाऊ द्या, आधी बादली घ्या!"

आचारी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये येऊन रडकुंडीला आला. "शकीलभाई, मी वाढायच्या आधी पुन्हा उकळली व्हती बासुंदी! खळखळा!"

शकीलभाई म्हणाले, "जंतू मेले असतील हो. पण मरायच्या आधी ते बासुंदीत विष सोडून गेले. ते विष उकळून जात नाही."

मी म्हटलं, "बोटाएवढ्या जखमेनं सहाशे पानं उठवली! आन् आमी म्हणायचो कुनाची तरी नजर लागली."

*

एक दिवस शकीलभाईंनी पुस्तकात एक चित्र दाखवलं. काडीसारखा जंतू, एका टोकाला गोळा. ढोलाचं टिपरू असतं ना, अगदी तसं.

"हा धनुर्वाताचा. मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतो. ऊन, थंडी, काही नाही त्याला. जखमेतून आत गेला की जागा होतो."

मला माझा धाकटा दीर आठवला. रामा. पायात फाळ घुसला होता. आठवड्यानं दातखिळी बसली, पाठ कमानीसारखी उचलली, आणि तोंड मात्र हसरं. लोक पायावर डोकं ठेवून गेले. म्हणाले, पुण्यवान, हसत हसत गेला.

मी शकीलभाईंना एवढंच विचारलं, "त्यो हसत व्हता का?"

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "आजी, त्या आजारात तोंडाचे स्नायू ओढले जातात."

त्या दिवशी दवाखान्यात रूपालीला धनुर्वाताचं इंजेक्शन होतं. मी तिचा हात धरून बसले. नर्सबाई म्हणाल्या, "हे आईला दिलं की बाळालाही पुरतं."

एका सुईत दोघं! मी त्या सुईला हात जोडले. नर्सबाईंना वाटलं त्यांना जोडले.

*

आता गाव पॉझिटिव्ह झाल्याचा किस्सा.

बबनराव म्हणून एक शेतकरी. पायाची जखम भरत नव्हती. तपासणीचा रिपोर्ट रूपालीनं त्यांच्या मोबाइलवर पाठवला. बबनरावांना चष्मा सापडेना, म्हणून पुतण्यानं वाचला आणि घाबरून गावाच्या ग्रुपवर टाकला, 'ग्राम पॉझिटिव्ह आले आहे!'

झालं! ग्राम म्हणजे गाव. कोरोनाची आठवण ताजी. अर्ध्या तासात पिठाची गिरणी बंद, मळ्यातल्या मजूर बाया घरी, ज्यांचे मास्क सापडले नाहीत त्यांच्या तोंडाला टॉवेल. देवळातली भजनी मंडळी तीन-तीन हातांवर बसली.

सरपंचांचा फोन आला, आवाज कापरा. "शकीलभाई, आख्खं गाव पॉझिटिव्ह? आन् आमची टेस्ट कवा केली तुमी?"

"सरपंच, गावाची नाय हो! एका पायाची केलीय! ग्राम हे एका परदेशी डॉक्टरचं आडनाव हाय!"

अख्खी लॅब हसली. सगळ्यात जास्त मी हसले. रूपाली हसली नाही.

आणि मग माझंही हसू थांबलं. कारण दोन वर्षांपूर्वी, बाळ गेलं त्या दिवशी, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हेच शब्द उच्चारले होते. बाळाच्या रक्तात ग्राम पॉझिटिव्ह आलंय. आणि मी काय समजले होते? गावातनं आलंय. गावातलं दवाखान्यात कोण आलं होतं? एकटी शेजारची येसू. बाळाला मांडीवर कोणी घेतलं? येसूनं. मुका कोणी घेतला? येसूनं.

चाळीस वर्षं आमच्या दोघींच्या घरात एकच विरजण फिरत होतं. माझं दही बिघडलं तर तिच्याकडून, तिचं बिघडलं तर माझ्याकडून. त्या दिवसापासून मी वाटी बंद केली, आणि बोलणंही.

रूपालीनं हातमोजे काढले. खाली बघतच म्हणाली, "आजी, येसूआजींचा काही दोष नव्हता. तो जंतू माझ्या अंगातून बाळाला गेला."

शकीलभाई मध्ये पडले. "माळेसारखा असतो तो. कित्येक बायांच्या अंगात राहतो, बाईला काही त्रास नाही, पत्ता नाही. जन्मताना एखाद्याच बाळाला लागतो. यात कोणाची चूक नसते, आजी."

मी रूपालीला म्हटलं, "दोन वरसं हे पोटात घेऊन फिरलीस?"

"मला वाटलं, तुम्ही मला बोल लावाल. लावा."

"गप. डबा खा."

दोघींनी एकाच डब्यातली भाकरी खाल्ली.

*

त्याच संध्याकाळी मी रिकामी वाटी घेऊन येसूच्या दारात उभी राहिले.

येसूनं वर बघितलं, खाली बघितलं. "दोन वरसांनी घर गावलं का?"

"गावलं. विरजण पायजे."

"माज्या हातचं हाय. गावातलं हाय. चालंल?"

"चालंल. गावातलंच पायजे."

मग उंबऱ्यावरच बसून तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे मी न्हाई?"

"न्हाई."

"रूपाली बी न्हाई?"

"न्हाई."

"मग कोन?"

"एक माळ हाय. डोळ्याला दिसत न्हाई."

येसूनं पदर डोळ्याला लावला आणि वाटी काठोकाठ भरली. विरजणाला चमचाभर लागतं, पण ती भरतच गेली.

ते दही मी दुसऱ्या दिवशी डब्यातून लॅबमध्ये नेलं. शकीलभाईंनी गमतीत त्यातलं टिपूस काचेवर घेतलं, रंगवलं, धुतलं. मी डोळा लावला आणि मागं सरकले. जांभळं! बारक्या बारक्या माळा आणि मध्येमध्ये काड्या!

"भाऊ, हे तर तेच!"

"ते नाही, त्याच्या भावकीतले. पक्क्या रंगाचेच. पण हे दही लावतात."

भावकी म्हटल्यावर मला लगेच कळलं. एक भाऊ घर उभं करतो, दुसरा पेटवतो, आडनाव एकच! आणि मी? मी जन्मभर रोज संध्याकाळी कोमट दुधात अशी लाखो जनावरं निजवली, वर झाकण ठेवलं, आणि मला वाटायचं मी दही लावते!

*

नववा महिना लागला. रूपालीची पुन्हा तपासणी केली. ती माळ होतीच.

मी रूपालीचा हात घट्ट धरला. पण मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. "आजी, पहिल्या वेळी आपल्याला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. कळा सुरू झाल्या की लगेच आणा. पेनिसिलिन शिरेतून देऊ, बाळ यायच्या आधी."

मी शकीलभाईंना विचारलं, "हे पेनिसिलिन कशाचं करत्यात?"

"बुरशीपासून सापडलं, आजी. शिळ्या भाकरीवर हिरवी येते ना, तिच्या जातीची. जंतूची ती जाड भिंत, जिच्यात रंग अडकतो, तीच ते बांधू देत नाही. भिंत ढासळली की जंतू खलास."

ज्या भिंतीमुळं तो ओळखू आला, त्याच भिंतीत त्याचं मरण! आणि मी ती बुरशी आयुष्यभर भाकरीसकट उकिरड्यावर टाकली.

कळा सकाळी सुरू झाल्या. संदीपनं गाडी काढली. मी आणि येसू मागं, मध्ये रूपाली. दवाखान्यात बाटली लावली. ते थेंब पडताना मी मोजायला गेले, पण मला शंभराच्या पुढं येत नाही. शंभर झाले की पुन्हा एकपासून. किती शंभर झाले देव जाणे. दुपार कलताना आतून रडण्याचा आवाज आला. पोरगी!

येसू लांब, भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात पाठीमागं. मी म्हटलं, "घे की!"

"नगं."

"घे म्हणते ना! हात धू आन् घे."

तिनं कोपरापर्यंत हात धुतले. तीनदा.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून कोणी हललं नाही, संदीप बागेत गेला नाही. पोरगी प्याली, झोपली, आणि संध्याकाळी एवढी मोठी शिंकली की आम्ही चौघं एकदम उठून उभे राहिलो. डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "नुसती शिंक आहे हो. बाळ छान आहे."

*

पाचवी घरीच पुजली. सटवाई येते, बाळाचं नशीब लिहिते, म्हणून पाट्याशेजारी कोरा कागद ठेवायची आमची रीत. मी म्हटलं, या पोरीचं नशीब कागदावरून नाही, काचेवरून कळलं. शकीलभाईंकडून एक कोरी काच मागवली, ती ठेवली. शेजारी दहीभाताचा नैवेद्य, दही येसूच्या विरजणाचं. पाळण्याला नवी दोरी बांधली. बघायला कोण आलं नाही सांगा! वरची आळी, खालची आळी, दारात चपला मावेनात.

सकाळी बघितलं तर काचेवर पांढरा ठिपका, दहीभाताच्या बाजूला.

शकीलभाई बाळाला बघायला आले होते, ते ती काच रुमालात गुंडाळून घेऊन गेले. दुपारी फोन आला. रूपालीनं स्पीकर लावला. पोरगी येसूच्या मांडीवर होती, अंगणात अजून माणसं बसलेली.

"आजी, सटवाईनं लिहिलंय बरं का! रंगवून बघितलं मी."

"काय लिवलंय? मला वाचाया येत न्हाई, तुमीच वाचा."

"ग्राम पॉझिटिव्ह!"